परक्याची मोजपट्टी

१९५५ सालच्या ऑगस्ट महिन्यात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांचा विचार करण्यासाठी जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने एक मोठी परिषद भरली होती. परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. आपल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक भाकीत केले. हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या संमीलनातून निघणारी ऊर्जा काबूत ठेवून मुक्त करण्याची युक्ती येत्या दोन दशकांत सापडेल, आणि ती सापडली म्हणजे जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल. कारण महासागरांत जितके जड हायड्रोजन आहे तितके इंधन मानवाच्या हाती येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वेळी अमेरिका, ब्रिटन व रशिया या तिन्ही देशांत नेमक्या याच विषयावर बंद दाराआड संशोधन चालले होते. पण त्याविषयी उघडपणे बोलण्याची मुभा तेथील शास्त्रज्ञांना नव्हती.

भाभांनी सांगितलेली दोन दशके १९७५ साली संपली. त्यानंतर आणखी पाच दशके लोटली. तरी संमीलनाच्या विजेवर आजवर कोणाच्या घरातला दिवा लागलेला नाही. एवढ्यावरून हे सारे संशोधन व्यर्थ गेले असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. या क्षेत्रात प्रगती झाली, आणि ती फार मोठी झाली. ती कशी झाली व तिच्या वाटेत कोणता अडसर होता, हे समजून घ्यावयाचे असेल तर एका रशियन पदार्थवैज्ञानिकाचे चरित्र पाहण्याजोगे आहे. त्यांचे नाव लेव्ह आंद्रेयेविच आर्त्सिमोविच. त्यांनी कोणताही नवा मूलकण शोधला नाही, निसर्गाचा एखादा नवा नियमही त्यांच्या नावावर जमा नाही. त्यांच्या कर्तृत्वाचे स्वरूप निराळे आहे, आणि एका अर्थाने ते अधिक दुर्मिळ आहे.

प्रथम प्रश्न कोणता होता तो पाहू. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो आणि त्या क्रियेत प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. पण प्रत्येक अणुकेंद्रावर धन विद्युद्भार असतो, आणि समान विद्युद्भार एकमेकांना दूर लोटतात. हा विरोध मोडून दोन अणुकेंद्रे एकत्र यावयाची तर ती अतिशय वेगाने एकमेकांवर आदळली पाहिजेत. म्हणजेच वायू अतिशय तप्त असला पाहिजे. सूर्याच्या गाभ्यात उष्णतामान सुमारे दीड कोटी अंश आहे. सूर्याजवळ अफाट वस्तुमान असल्यामुळे त्याला एवढ्यावर भागवता येते. पृथ्वीवरच्या यंत्रात मात्र दहा कोटी अंशांहून अधिक उष्णतामान लागते. इंधनाची वाण नाही. साध्या पाण्यातील सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन-अणूंमागे एक अणू जड हायड्रोजनचा असतो. अडचण आहे ती भांड्याची. इतक्या तप्त वायूला धरून ठेवील असे भांडे कोणत्या धातूचे घडवावे?

याचे उत्तर असे निघाले की भांडे धातूचे नकोच. एवढ्या उष्णतेत अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात व विद्युद्भारित कणांचा एक लोळ तयार होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. विद्युद्भारित कण चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती गिरक्या घेत घेत त्या रेषांवरूनच सरकतात. आडवे जाणे त्यांना अवघड पडते. तेव्हा चुंबकीय रेषांचेच एक अदृश्य भांडे केले, तर प्लाझ्मा भिंतीला न शिवता मधल्या मध्ये तरंगत राहील. परंतु सरळ नळी घेतली तर कण दोन्ही टोकांनी निसटतात. म्हणून नळी वाकवून तिची टोके जोडावयाची, म्हणजे पोकळ बांगडीसारखा आकार होतो आणि टोकेच उरत नाहीत. १९५० साली आंद्रेय साखारोव्ह आणि इगोर ताम यांनी मॉस्कोत ही कल्पना मांडली. या विषयाकडे साखारोव्ह यांचे लक्ष वळण्यास साखालिन बेटावरील एका तरुण सैनिकाचे पत्र निमित्त झाले होते. ओलेग लाव्हरेन्त्येव्ह हे त्या सैनिकाचे नाव. त्याने नियंत्रित संमीलनाची स्वतःची एक योजना सरकारकडे पाठविली होती, आणि ती अभिप्रायासाठी साखारोव्ह यांच्याकडे आली होती. सैनिकाची योजना जशीच्या तशी चालण्याजोगी नव्हती, पण तिने विचाराला चालना दिली. त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन येथील खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनीही बांगडीच्या जातीचेच, पण वेगळ्या घडणीचे एक यंत्र कल्पिले व त्यास ‘स्टेलरेटर’ असे नाव दिले.

रशियातील या कार्याच्या प्रायोगिक बाजूची धुरा १९५१ साली आर्त्सिमोविच यांच्यावर सोपविण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते. १९०९ साली मॉस्कोत जन्मलेल्या या गृहस्थाने १९२८ साली मिन्स्क येथील विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९३० साली लेनिनग्राडच्या योफे यांच्या सुप्रसिद्ध भौतिकी-तांत्रिकी संस्थेत प्रवेश केला. तेथे क्ष-किरण, न्यूट्रॉन, पॉझिट्रॉन अशा विषयांवर त्यांनी चोख प्रयोग केले. १९४४ साली कुर्चातोव्ह यांनी त्यांना मॉस्कोतील आपल्या प्रयोगशाळेत आणले. अणुबाँबसाठी युरेनियमचे समस्थानिक विद्युत्-चुंबकीय पद्धतीने वेगळे करण्याचे काम तेथे त्यांच्याकडे होते. विजेच्या ठिणगीतील तप्त वायू चुंबकीय क्षेत्रात कसा वागतो, याचा अनुभव त्यांना याच कामात मिळाला. पुढील सारे आयुष्य त्यांना याच वायूशी झुंजावयाचे होते.

१९५२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत एक खळबळजनक घटना घडली. जड हायड्रोजन भरलेल्या सरळ नळीतून अतिशय मोठा विद्युत्प्रवाह क्षणभर सोडला असता न्यूट्रॉन बाहेर पडताना दिसले. जड हायड्रोजनचे संमीलन झाले म्हणजे न्यूट्रॉन निघतात, हे सर्वांना ठाऊक होते. कोट्यवधी अंशांची उष्णता साधली, सूर्य नळीत उतरला, असे वाटावयास याहून अधिक काय हवे होते? ज्या राजवटीत वरिष्ठांना यशाच्या वार्ता हव्या असत, त्या राजवटीत एवढ्या आधारावर विजयाचे निवेदन पाठविणे अगदी सोपे होते. पण आर्त्सिमोविच आणि त्यांचे सहकारी त्या न्यूट्रॉनांच्याच मागे लागले. ते केव्हा निघतात, कोणत्या दिशेने किती वेगाने निघतात, हे त्यांनी बारकाईने तपासले. निष्पन्न झाले ते असे की, प्लाझ्माचा स्तंभ अस्थिर होऊन मध्येच आवळला जातो, त्या ठिकाणी क्षणमात्र तीव्र विद्युत्क्षेत्र उत्पन्न होते आणि त्यात थोडेसे कण जोराने फेकले जाऊन न्यूट्रॉन निघतात. सबंध वायू काही तापलेला नव्हता. वायू तापणे ही एक गोष्ट आणि मूठभर कण भरधाव सुटणे ही दुसरी. न्यूट्रॉन दोन्हींतून निघतात. पण ऊर्जेची आशा फक्त पहिलीतच आहे. १९५६ सालच्या एप्रिल महिन्यात कुर्चातोव्ह यांनी ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात व्याख्यान दिले, तेव्हा रशियाचा हा सारा अनुभव त्यांनी उघडपणे सांगून टाकला. गुप्ततेच्या त्या काळात ते व्याख्यान ऐकून श्रोते थक्क झाले.

इशारा मिळूनही चूक टळतेच असे नाही. हार्वेल येथेच १९५७ साली ‘झीटा’ नावाचे बांगडीच्या आकाराचे मोठे यंत्र सुरू झाले, आणि त्यातही न्यूट्रॉन दिसले. १९५८ सालच्या जानेवारीत पत्रकारांना बोलावून ही वार्ता जगजाहीर करण्यात आली. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच आहेत अशी आपली नव्वद टक्के खात्री आहे, असे केंद्राचे प्रमुख सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी उरलेले दहा टक्के विसरून मोठमोठे मथळे दिले. मे महिन्यात माघार घेण्याची पाळी आली. येथेही न्यूट्रॉन खरे होते, त्यांचा लावलेला अर्थ खोटा होता. कॉक्रॉफ्ट हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाच शंका नव्हती. तरीही उत्सुकता आणि राष्ट्राभिमान यांनी एकत्र येऊन मापनावर मात केली. या प्रकरणाचा परिणाम असा झाला की संमीलनाच्या क्षेत्रात कोणीही काही मिळविल्याचे सांगितले की पुढे कित्येक वर्षे ऐकणाऱ्याच्या भुवया प्रथम वर चढत.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिनीव्हा येथे दुसरी परिषद भरली, तेव्हा तिन्ही देशांनी या विषयावरील गुप्ततेचा पडदा दूर केला. रशियाच्या संशोधनाचा आढावा आर्त्सिमोविच यांनी सादर केला. त्यात फुशारकी नव्हती. प्रश्न वाटला होता त्याहून पुष्कळच बिकट आहे आणि प्लाझ्माच्या वागण्याचे मूलभूत ज्ञान झाल्याखेरीज गत्यंतर नाही, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन काम करावे म्हणूनच जणू हा प्रश्न निर्माण झाला आहे, अशा अर्थाचे उद्गारही त्यांनी त्या प्रसंगी काढले. परिषदांतून असे शिष्टाचाराचे बोल पुष्कळ ऐकावयास मिळतात. दहा वर्षांनी त्या शब्दांची किंमत मोजण्याची वेळ त्यांच्यावर येईल, असे त्या दिवशी कोणाच्या मनातही आले नसेल.

साखारोव्ह व ताम यांच्या कल्पनेतून मॉस्कोत जे यंत्र विकसित झाले त्यास ‘टोकामाक’ हे नाव पडले. चुंबकीय वेटोळी असलेली बांगडीच्या आकाराची कोठी, अशा अर्थाच्या रशियन शब्दांतील आद्याक्षरांवरून हे नाव बनविले आहे. यात बाहेरील वेटोळ्यांचे जोरदार चुंबकीय क्षेत्र बांगडीच्या लांबीने जाते, आणि शिवाय खुद्द प्लाझ्मातून एक विद्युत्प्रवाह वाहविला जातो. त्या प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र पहिल्या क्षेत्रात मिसळले म्हणजे रेषांना दोरखंडाच्या पेडांप्रमाणे पीळ पडतो. प्लाझ्मा सावरून धरण्याचे बळ या पिळात असते. पहिले टोकामाक घडविण्याच्या कामात नातान याव्हलिन्स्की हे अग्रभागी होते. १९६२ साली विमान-अपघातात त्यांचा अंत झाला आणि आर्त्सिमोविच यांनी टोकामाकाचे काम प्रत्यक्ष आपल्या हाती घेतले.

या वेळी जगभर या क्षेत्रात निराशा पसरली होती. तिचे कारण होते एक सूत्र. महायुद्धाच्या काळात समस्थानिक वेगळे करण्याच्या अमेरिकेतील कामात डेव्हिड बोम या शास्त्रज्ञाला असे आढळले होते की, चुंबकीय क्षेत्रातील प्लाझ्मा सिद्धांताने वर्तविलेल्या वेगापेक्षा पुष्कळच वेगाने गळतो. क्षेत्र दुप्पट केले तर गळती एक चतुर्थांश व्हावी अशी अपेक्षा. बोमच्या सूत्राप्रमाणे ती फक्त निम्मी होत असे. प्रिन्स्टनच्या स्टेलरेटरमध्ये हेच सूत्र वर्षानुवर्षे खरे ठरत गेले. हे सूत्र जर निसर्गाचा अटळ नियम असेल तर संमीलनाची भट्टी इतकी अवाढव्य बांधावी लागेल की तिचा विचारच सोडलेला बरा. सारी भिस्त या एका मुद्द्यावर होती. मॉस्कोतून मात्र वेगळीच वार्ता येऊ लागली. टोकामाकात प्लाझ्मा बोमच्या मर्यादेपेक्षा कित्येक पट अधिक काळ टिकतो, असे १९६५ साली ब्रिटनमध्ये कल्हम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आर्त्सिमोविच यांनी सांगितले. ऐकणाऱ्यांना ते पटले नाही. १९६८ सालच्या ऑगस्टमध्ये सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे पुढील परिषद भरली. तेथे टी-३ या टोकामाकातील इलेक्ट्रॉनांचे उष्णतामान सुमारे एक कोटी अंशांपर्यंत पोहोचल्याचे रशियन शास्त्रज्ञांनी जाहीर केले. अन्य देशांच्या यंत्रांच्या मानाने ही प्रगती इतकी मोठी होती की शंका येणे स्वाभाविक होते.

या शंकेत केवळ मत्सर नव्हता, शास्त्रीय तथ्यही होते. एक कोटी अंशांच्या वायूत तापमापक बुडवता येत नाही. रशियन शास्त्रज्ञ प्लाझ्माच्या एकूण दाबामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजीत आणि त्यावरून उष्णतामानाचे गणित करीत. यात एक छिद्र होते. समजा एखाद्या गावाच्या एकूण संपत्तीला माणसांच्या संख्येने भागून दरडोई संपत्ती काढली आणि ती भरघोस आली. तेवढ्यावरून गाव सुखी आहे असे म्हणता येईल काय? सारी संपत्ती एकट्या सावकाराच्या पेटीत असेल आणि बाकी गाव उपाशी असेल. त्याप्रमाणेच थोडेसे भरधाव इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळी ऊर्जा बाळगून असतील आणि उरलेला प्लाझ्मा थंडच असेल, तरी दाबाचा आकडा मोठाच येईल. वास्तविक हा आक्षेप आर्त्सिमोविच यांना नवा नव्हता. १९५२ साली स्वतःच्या न्यूट्रॉनांवर त्यांनी जो आक्षेप घेतला होता, त्याचेच हे दुसरे रूप होते. आता तो त्यांच्यावर उलटला होता.

अशा वेळी माणसापुढे दोन मार्ग असतात. आपलेच मापन पुन्हा पुन्हा करून तेच आकडे अधिक ठासून सांगावयाचे, हा पहिला. आर्त्सिमोविच यांनी दुसरा मार्ग पत्करला. कल्हमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख बास पीज यांना त्यांनी सुचविले की, आपली माणसे आणि आपली उपकरणे घेऊन मॉस्कोला यावे व टी-३ मधील उष्णतामान स्वतःच मोजावे. ही सूचना किती असामान्य होती ते ध्यानात घेतले पाहिजे. टी-३ हे यंत्र ज्या कुर्चातोव्ह संस्थेत होते, तेथेच रशियाच्या अणुबाँबचे काम झाले होते. शीतयुद्ध ऐन भरात होते. नोव्होसिबिर्स्कची परिषद आटोपली त्याच ऑगस्ट महिन्यात रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. शिवाय, परक्या मापनात आकडा खोटा ठरला असता तर एका शास्त्रज्ञाची अप्रतिष्ठा होऊन भागले नसते. सतरा वर्षांच्या कार्यावर आणि त्यासाठी खर्च झालेल्या सार्वजनिक धनावर पाणी पडले असते, आणि तेही प्रतिस्पर्धी राष्ट्राच्या साक्षीने. एवढे असूनही निमंत्रण गेले आणि ते स्वीकारले गेले.

निमंत्रण कल्हमलाच का, यालाही कारण आहे. झीटाच्या फजितीनंतर ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्लाझ्माचे उष्णतामान निर्विवादपणे मोजण्याचा ध्यास घेतला होता. लेसर-किरणांचा शोध लागल्यावर त्यांनी त्याचा उपयोग खुद्द झीटावर करून पाहिला आणि ती पद्धत आत्मसात केली. म्हणजे ज्यांची एकदा मोजण्यात चूक झाली होती, तेच आता मोजण्याच्या विद्येत अधिकारी झाले होते. पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. एकाच रंगाचा प्रखर तांबडा लेसर-किरण प्लाझ्मातून सोडावयाचा. वाटेतील इलेक्ट्रॉनांवर आपटून त्याचा अगदी अल्प अंश इकडेतिकडे विखुरतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शीळ बारीक आणि दूर जाणाऱ्या गाडीची जाड ऐकू येते, त्याप्रमाणे आपल्याकडे धावणाऱ्या इलेक्ट्रॉनावरून आलेल्या प्रकाशाचा रंग किंचित एका बाजूस आणि दूर पळणाऱ्यावरून आलेल्याचा दुसऱ्या बाजूस सरकतो. इलेक्ट्रॉन जितके तप्त, तितका हा रंगाचा पट्टा रुंद. आणि येथे सावकार व गाव यांची गल्लत होत नाही, कारण पट्ट्याचा आकार बहुसंख्य इलेक्ट्रॉनांच्या वेगावरून ठरतो. मूठभर भरधाव कणांचा त्यावर प्रभाव पडत नाही.

निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, मायकेल फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक हे चार ब्रिटिश शास्त्रज्ञ कित्येक टन वजनाची उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले. व्लादीमीर सान्निकोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ त्यांच्या जोडीस होते. काम सोपे नव्हते. प्लाझ्मा स्वतःच प्रकाशमान असतो, आणि त्या झगझगाटात विखुरलेल्या किरणांची क्षीण तिरीप ओळखणे म्हणजे भर दुपारी काजव्याचा उजेड मोजण्यासारखे होते. त्यासाठी लेसरचा झोत जितका अल्पकाळ आणि जितका प्रखर असेल तितके चांगले. सर्व अडचणी ओलांडून १९६९ सालच्या मध्यास मापने हाती आली. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली, आणि त्यावर चार ब्रिटिश व एक रशियन अशी पाच नावे एकत्र होती. उष्णतामान खरेच एक कोटी अंशांच्या आसपास पोहोचत होते. भरधाव इलेक्ट्रॉनांचा आक्षेप निकालात निघाला. बोमचे सूत्र हा निसर्गाचा अटळ नियम नव्हे, हेही त्याबरोबर सिद्ध झाले.

या निकालाचा परिणाम विलक्षण वेगाने झाला. प्रिन्स्टनमध्ये स्टेलरेटरचा एवढा अभिमान. पण तेथील मोठे स्टेलरेटर उघडून त्याचेच टोकामाक करण्यात आले आणि १९७० साली ते चालू झाले. त्याने रशियन निष्कर्षांना दुजोराच दिला. आर्त्सिमोविच यांनी १९६९ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत व्याख्याने दिली होती. तेथेही टोकामाकाचे काम सुरू झाले. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान हे देशही त्या वाटेने निघाले. रशियाचे नुसते म्हणणे दहा वर्षे कानावर पडत राहिले असते तरी हे घडले नसते. प्रतिस्पर्ध्याच्या मोजपट्टीने तेच म्हणणे मोजून दिले, आणि एका वर्षात जगाची दिशा बदलली.

स्वतः आर्त्सिमोविच यांना यानंतर फार दिवस लाभले नाहीत. १ मार्च १९७३ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. तीक्ष्ण बुद्धी आणि तितकीच तीक्ष्ण जीभ यांबद्दल त्यांची ख्याती होती. सरकारच्या खर्चाने स्वतःचे कुतूहल भागविण्याचा उत्तम उपाय म्हणजे विज्ञान, ही विनोदी व्याख्या त्यांच्याच नावावर सांगितली जाते. परंतु सरकारच्या खर्चाने कुतूहल भागविणाऱ्याने हिशेब कसा द्यावा, हे त्यांनी आचरणाने दाखविले होते. संमीलनाची वीज केव्हा मिळेल, असे विचारले असता, समाजाला तिची गरज भासेल तेव्हा ती तयार असेल, असे उत्तर ते देत, असेही सांगतात. या उत्तरात चातुर्य आहे तसा एक टोलाही आहे: वर्षांची संख्या शास्त्रज्ञाला विचारण्यापूर्वी समाजाने स्वतःच्या मनाचा निश्चय तपासावा.

त्यांच्यानंतरचा मार्गही सरळ गेला नाही. यंत्रे वाढत गेली तशा नव्या अस्थिरता आणि नव्या गळत्या प्रकट झाल्या. तथापि कल्हम येथेच उभारलेल्या ‘जेट’ या युरोपीय टोकामाकाने १९९७ साली १६ मेगावॅट इतकी संमीलन-शक्ती क्षणभर निर्माण केली, आणि २०२३ साली कायमचे विश्रांती घेण्यापूर्वी एकाच प्रयोगात ६९ मेगाजूल ऊर्जा देऊन दाखविली. त्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा याहून अधिकच होती, हे येथे सांगितले पाहिजे. नाहीतर झीटाच्या मथळ्यांचीच पुनरावृत्ती व्हावयाची.

आपल्या देशाचाही या कार्याशी संबंध आहे. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत देशातच घडविलेले ‘आदित्य’ नावाचे टोकामाक १९८९ साली कार्यान्वित झाले. पुढे दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे ‘ईटर’ हे आजवरचे सर्वांत मोठे टोकामाक उभारण्याचे ठरले, तेव्हा २००५ साली भारत त्यात सहभागी झाला. युरोपीय संघ, रशिया, अमेरिका, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार त्यात आहेत. सारे यंत्र ज्या निर्वात कोठीत बसावयाचे, ती सुमारे ३० मीटर उंच व तितक्याच रुंदीची पोलादी कोठी भारताने पुरविली आहे. तिचे भाग गुजरातेत हजिरा येथे घडले आणि जहाजांनी फ्रान्सला गेले. एका देशात बनलेला भाग दुसऱ्या देशाच्या भागाशी तंतोतंत जुळला पाहिजे. म्हणून येथे प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या मोजपट्टीखाली येते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. या यंत्राला विलंब पुष्कळ झाला आहे. २०२४ साली मांडलेल्या वेळापत्रकाप्रमाणे त्याचे संशोधनकार्य २०३४ च्या सुमारास सुरू व्हावयाचे आहे. ते वेळापत्रकही टळू शकेल.

डॉ. भाभा यांचे भाकीत चुकले. पण त्यांनी दाखविलेली दिशा चुकलेली नव्हती. मोठ्या कार्यात काळाचा अंदाज चुकणे क्षम्य असते. न मोजता मोजल्याचे सांगणे मात्र क्षम्य नसते, कारण त्यामुळे पुढच्या माणसाच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. झीटाच्या घोषणेने गमावलेला तो विश्वास पुन्हा मिळविण्यास अकरा वर्षे लागली आणि त्यासाठी एका शास्त्रज्ञाला आपल्या प्रयोगशाळेचे दार परक्यास उघडून द्यावे लागले. संशोधन असो वा राज्यकारभार, लोकांच्या पैशाने चालणाऱ्या प्रत्येक कार्यात असा एक प्रसंग येतो की आपण दिलेला आकडा आपल्यालाच सिद्ध करता येत नाही. तो दुसऱ्याने सिद्ध करावा लागतो. त्या दुसऱ्याला बोलावण्याचे धैर्य आर्त्सिमोविच यांच्या ठायी होते, कारण तेवढी कठोर तपासणी त्यांनी सतरा वर्षांपूर्वी स्वतःच स्वतःची केलेली होती.